हलगी एकीकडे, पॅड दुसरीकडे: स्टुडिओतला सिंक कुठं तुटतो ते शोधायचं कसं

कोल्हापुरातल्या घरगुती स्टुडिओची मांडणी साधारण ठरलेली असते. एक लॅपटॉप, दोन किंवा चार इनपुटचं साउंड कार्ड, एक अरेंजर कीबोर्ड (तयार साथ, म्हणजे स्टाइल, वाजवणारा), एक ऑक्टापॅड (काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, पुढं नुसतं पॅड) आणि माइकसमोर हलगी, ढोलकी नाहीतर हार्मोनियम. गाणं जोतिबाचं असो, अंबाबाईचं असो किंवा पोवाडा असो, कीबोर्डची स्टाइल आणि पॅड सॉफ्टवेअरच्या तालावर चालवायचे आणि वर खरी वाद्यं घ्यायची. गडबड होते ती इथंच. क्लिकवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, वाजवलेली हलगी नेमकी बसते, पण पॅडचा ठेका तिच्या मागून येतो. किंवा पहिलं कडवं झकास जमतं आणि तिसऱ्या कडव्यात सगळं विस्कटतं.

अशा वेळी बहुतेक जण आधी बफर (आवाजाचे सॅम्पल, म्हणजे डिजिटल तुकडे, एका वेळी किती साठवून पुढं द्यायचे तो आकडा) कमी करतात, मग केबल बदलतात, मग नव्या साउंड कार्डाच्या किमती बघायला लागतात. त्याआधी पाच मिनिटं घालवून चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवा. बाहेरचं वाद्य सॉफ्टवेअरच्या क्लिकवर सलग पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मग वेव्हफॉर्म मोठा करून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ठोका ग्रिडच्या, म्हणजे मात्रांच्या, रेषेपासून किती लांब आहे ते बघा.

फरक तिन्ही ठिकाणी सारखाच असेल तर तो उशीर आहे, म्हणजे लेटन्सी. तिथं एक आकडा भरला की काम संपतं. फरक वाढत जात असेल तर दोन घड्याळं आपापल्या गतीनं चालली आहेत. फरक कधी पुढं कधी मागं असा डगमगत असेल तर क्लॉकचे, म्हणजे लय कळवायला सॉफ्टवेअर पाठवतं ते, ठोकेच सारख्या अंतरानं पोचत नाहीत. आणि ताल बरोबर असून मधूनमधून टिक-टिक येत असेल किंवा सूर चढलेला-उतरलेला वाटत असेल, तर भानगड डिजिटल क्लॉकची किंवा सॅम्पल रेटची (सेकंदाला किती सॅम्पल) आहे. या चौघांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर गुंता वाढतो. वाढत जाणारा फरक ट्रॅक सरकवून कधीच जात नाही. सुरुवात जुळवली की शेवट सुटतो.

आधी साउंड कार्ड मोजा

बाहेरच्या वाद्यावर संशय घेण्याआधी सॉफ्टवेअर स्वतःचा आवाज स्वतःकडं परत आल्यावर नेमक्या जागी ठेवतं का, ते बघायचं. याला लूपबॅक म्हणतात. लागते फक्त एक क्वार्टर इंच केबल.

१. नवा प्रोजेक्ट, ४८ किलोहर्ट्झ, बफर २५६ सॅम्पल. फँटम पॉवर बंद, इनपुट लाइनवर, डायरेक्ट मॉनिटर (इनपुट थेट हेडफोनला जाणं) बंद. मास्टरवरचे सगळे प्लगइन काढा.

२. साउंड कार्डाचं दुसरं आउटपुट केबलनं दुसऱ्या इनपुटला जोडा. स्पीकर आणि हेडफोनचा आवाज कमी ठेवा.

३. पहिल्या ट्रॅकवर प्रत्येक मात्रेला एक टोकदार क्लिकचा आवाज ठेवा. मेट्रोनोम वापरू नका, ऑडिओ फाइलच ठेवा, म्हणजे तुलना करता येते. हा ट्रॅक फक्त दुसऱ्या आउटपुटला पाठवा.

४. दुसऱ्या ट्रॅकवर दुसरं इनपुट घ्या आणि त्याचं मॉनिटरिंग बंद करा. हे विसरलात तर आवाज गोल गोल फिरून शिट्टी मारेल. आता सोळा मात्रा रेकॉर्ड करा.

५. दोन्ही ट्रॅक सॅम्पल दिसेपर्यंत मोठे करा आणि क्लिकच्या सुरुवातींमधलं अंतर मोजा.

दहा-वीस सॅम्पलचा फरक असेल तर सोडून द्या. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. समजा रेकॉर्डिंग ९६ सॅम्पल मागे आहे, म्हणजे ड्रायव्हर आपला खरा उशीर २ मिलिसेकंदांनी कमी सांगतोय. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. एबलटन लाइव्हमध्ये ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन, रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावरचा मॅन्युअल ऑफसेट, क्युबेसमध्ये रेकॉर्ड शिफ्ट, लॉजिकमध्ये रेकॉर्डिंग डिले. अधिक भरायचा की उणे, यावर वाद घालत बसू नका. भरा आणि चाचणी परत करा. फरक दुप्पट झाला तर चिन्ह उलटं पडलंय.

आता सॉफ्टवेअर बंद करून उघडा, साउंड कार्डाची वायर काढून लावा आणि पुन्हा मोजा. तोच आकडा आला तर पाया पक्का. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर ऑफसेट भरून उपयोग नाही. आधी ड्रायव्हर अपडेट करा, साउंड कार्ड हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, आणि विंडोजमध्ये कंपनीचाच एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर निवडलाय का ते पाहा.

बफरबद्दल एक गैरसमज इथंच काढून टाकू. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७. वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो तो यामुळं. पण रेकॉर्ड झालेली हलगी ग्रिडवर कुठं बसते, याचा बफरशी संबंध नसायला हवा, कारण सॉफ्टवेअर तेवढी भरपाई करूनच ट्रॅक ठेवतं. बफर बदलल्यावर लूपबॅकचा आकडाही बदलत असेल, तर ज्या बफरवर काम करता त्याच बफरवर मोजा. आणि ब्लूटूथ हेडफोन या कामात नकोतच. त्यांचा उशीर एवढा असतो की खालच्या कुठल्याही दुरुस्तीनं तो झाकला जात नाही.

एमआयडीआय क्लॉक

एमआयडीआय म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यात नोटा आणि ठोके पोचवायची भाषा. कीबोर्ड आणि पॅड सॉफ्टवेअरच्या मागे चालतात ते एमआयडीआय क्लॉकवर. सॉफ्टवेअर दर मात्रेला २४ ठोके पाठवतं, सोबत स्टार्ट, स्टॉप आणि कंटिन्यू. टेम्पोचा आकडा कुठंच जात नाही. समोरचं वाद्य ठोक्यांमधलं अंतर मोजून स्वतःच टेम्पो काढतं. १२० च्या लयीत हे अंतर २०.८ मिलिसेकंद असतं. ते दर वेळी थोडं इकडंतिकडं झालं की कीबोर्डच्या पडद्यावर ११९, १२०, १२१ असा आकडा नाचताना दिसतो. थोडा नाचला तर घाबरू नका, पण चार-पाचचा हेलकावा दिसला तर पुढं वाचा.

वाद्य हलतच नसेल तर तीन जागा बघायच्या. पहिली, सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक पाठवणं चालू आहे का. लाइव्हमध्ये एमआयडीआय आउटपुटपुढचं सिंक, रीपरमध्ये त्या आउटपुटच्या सेटिंगमधलं सेंड क्लॉक, एफएल स्टुडिओत सेंड मास्टर सिंक. नोट जातात म्हणजे क्लॉकही जातो असं समजू नका, दोन्ही वेगवेगळं चालू करावं लागतं. दुसरी, कीबोर्डच्या एमआयडीआय मेनूत क्लॉक इंटर्नलवरून एक्स्टर्नलवर केलाय का, आणि एक्स्टर्नलमध्येही यूएसबी की पाच पिनांचं सॉकेट, हे बरोबर निवडलंय का. तिसरी, वायर आउटमधून निघून इनमध्ये गेलीय का. हसू नका, रात्री अकराला हीच चूक सगळ्यात जास्त होते.

छोट्या थ्री-पॉइंट-फाइव्ह जॅकच्या एमआयडीआय वायरचं वेगळंच दुखणं आहे. तिच्यात ए आणि बी अशा दोन जोडण्या होत्या. २०१८ साली ए प्रकार प्रमाण ठरला, पण त्याआधीची बरीच उपकरणं बी प्रकारची आहेत. अडॅप्टर चुकीचा असेल तर काहीही जळत नाही, फक्त काहीही होत नाही. उपकरणाच्या माहितीपुस्तकात प्रकार पाहूनच अडॅप्टर मागवा.

वाद्य दुप्पट वेगानं धावत असेल किंवा अडखळत असेल, तर बहुतेक वेळा त्याला दोन क्लॉक मिळत असतात, एक यूएसबीतून आणि एक पाच पिनांच्या वायरीतून. सॉफ्टवेअरमध्ये एकाच पोर्टावर क्लॉक ठेवा. जुन्या ड्रम मशीनला किंवा छोट्या सिंथला साध्या ऑडिओ वायरीतून पल्स देत असाल तर दर मात्रेला किती पल्स, हे दोन्हीकडं सारखं हवं. कोर्गच्या व्होल्का मालिकेला मात्रेला २ लागतात, काही उपकरणांना ४, रोलँडच्या जुन्या डिन सिंकला २४. इथं चुकलं तर वाद्य बरोबर अर्ध्या किंवा दुप्पट वेगानं चालतं, आणि तीच या चुकीची ओळख.

प्रत्येक नोट दोनदा वाजत असेल किंवा आवाज पोकळ येत असेल तर तो सिंकचा दोष नाही. कीबोर्डचा आवाज एकदा कीमधून आणि एकदा सॉफ्टवेअरमधून फिरून येतोय. कीबोर्डवर लोकल ऑफ करा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार. सगळं बरोबर आहे, पण पहिलाच ठोका उशिरा पडतो किंवा गिळला जातो. स्टार्ट आल्यावर वाद्याला जागं व्हायला आणि पहिल्या काही ठोक्यांवरून लय पकडायला वेळ लागतो. म्हणून गाणं कधीच पहिल्या मात्रेपासून सुरू करू नका. पुढं दोन आवर्तनं मोकळी सोडा, वाद्य तेवढा वेळ रिकामं फिरू द्या आणि तिसऱ्यापासून घ्या. गाण्याच्या मधूनच प्ले दाबायची सवयही मोडा. कुठून सुरू करायचं हे सांगणारा साँग पोझिशन पॉइंटर सॉफ्टवेअर पाठवतं, पण बऱ्याच ड्रम मशीन आणि कीबोर्डच्या स्टाइल त्याच्याकडं लक्ष देत नाहीत. त्या आपल्या पॅटर्नच्या सुरुवातीपासूनच वाजतात, आणि मग तुमची सम त्यांच्या तिसऱ्या मात्रेवर येते. लूप लावून रेकॉर्डिंग करतानाही हेच होतं, म्हणून बाहेरचं वाद्य घेताना लूप बंद ठेवून सरळ शेवटपर्यंत जा.

लय पकडल्यावर उरतो तो कायमचा उशीर. ड्रम मशीनवर रिमशॉटसारखा टोकदार आवाज दर मात्रेला लावा, क्लॉकवर चालवा आणि ३२ ठोके रेकॉर्ड करा. सुरुवातीचे दोन-चार सोडा. बाकीच्यांची सरासरी म्हणजे उशीर, आणि सगळ्यात पुढच्या-मागच्या ठोक्यातला फरक म्हणजे डगमग. समजा सरासरी ९ मिलिसेकंद मागे आहे. लाइव्हमध्ये एमआयडीआय क्लॉक सिंक डिलेमध्ये उणे ९ भरा, म्हणजे क्लॉक तेवढा आधी निघतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही तिथं रेकॉर्ड झालेला ट्रॅक तेवढा पुढं ओढा. फरक कायम असल्यामुळं ते चालतं. प्रत्येक वाद्याचा आकडा वेगळा असतो, म्हणून पट्टीवर लिहून त्याच्या पाठीवरच चिकटवा.

डगमग २ मिलिसेकंदांच्या आत असेल तर ऐकताना कळत नाही. ५ च्या वर गेली की हलगीच्या टिपरीसोबत पॅडचा ठोका फाटल्यासारखा ऐकू येतो, कारण दोन्ही आवाज अतिशय टोकदार असतात. पॅडखाली संथ स्ट्रिंग असत्या तर हीच डगमग कुणाच्या लक्षातही आली नसती. तेव्हा आधी हलगीसोबतचे ट्रॅक दुरुस्त करा.

डगमगीची कारणं बहुतेक कॉम्प्युटरात सापडतात. लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर असणं, यूएसबीला वीज वाचवायची परवानगी असणं, वायफायवर अपडेट चालू असणं, हबला वेबकॅमपासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळं टांगलेलं असणं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि एमआयडीआय इंटरफेसला स्वतंत्र पोर्ट द्या. वायरीची क्षमता हे कारण क्वचितच असतं. पाच पिनांच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे सुमारे ३,१२५ बाइट, आणि १२० च्या लयीत क्लॉकला त्यातले ४८ लागतात. मात्र एकाच वायरीतून दहा बोटांचे कॉर्ड, पिच बेंड (सूर ओढणं) आणि आफ्टरटच (दाबून धरलेल्या कीवरचा दाब) एकदम सोडले तर नोटा रांगेत उभ्या राहतात. एक नोट पोचायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळं दहावी नोट पहिलीच्या सहा ते नऊ मिलिसेकंद मागून येते. न लागणारा आफ्टरटच बंद करा.

एका वाद्याच्या थ्रू सॉकेटमधून (आलेला सिग्नल तसाच पुढं देणारं) दुसऱ्याच्या इनमध्ये अशी साखळी तीन वाद्यांपुढं नेऊ नका. तिथून पुढं सिग्नलचा आकार बिघडत जातो आणि नोटा अडकून राहतात. जास्त वाद्यं असतील तर थ्रू बॉक्स घ्या. वायर १५ मीटरच्या आत ठेवा.

मास्टरवरचे प्लगइन सुरुवातीलाच काढायला सांगितले होते, त्याचं कारण इथं लागतं. लिनिअर फेज ईक्यू किंवा पुढचं बघून दाबणारा लिमिटर लावला की सॉफ्टवेअर सगळा ऑडिओ थांबवून धरतं. ४,०९६ सॅम्पलचा प्लगइन म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ८५ मिलिसेकंद. क्लॉक मात्र कित्येकदा न थांबता निघून जातो, आणि वाद्य गाण्याच्या पुढं पळतं. कालपर्यंत बरोबर चाललेलं मिक्सिंग सुरू केल्यावर बिघडलं, अशी तक्रार असेल तर बघायची पहिली जागा ही. बाहेरची वाद्यं आधी ऑडिओत उतरवून घ्या, जड प्लगइन नंतर लावा.

फरक वाढत जातो तेव्हा

किती वाढतो यावरून कारण ओळखता येतं. पाच मिनिटांत सेकंदभर फरक पडला तर टेम्पोच वेगळा आहे. कीबोर्डवर १२० आणि प्रोजेक्टमध्ये १२०.५ असेल तर पाच मिनिटांत सव्वा सेकंद जातो. कीबोर्ड बऱ्याचदा दशांश दाखवत नाही, म्हणून प्रोजेक्टचा टेम्पो पूर्णांकात ठेवा. पाच मिनिटांत दहा-पंधरा मिलिसेकंदच सरकत असेल तर टेम्पो बरोबर आहे, पण वाद्य क्लॉक न घेता स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे आतल्या घड्याळावर, चाललंय. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखात ५० चा फरक असला तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद जमतात.

रंकाळ्यावर किंवा मैदानात हलगी-घुमकं हँडी रेकॉर्डरवर घेऊन घरी ट्रॅकखाली लावलं की हेच दिसतं. दहा लाखात २० चा फरक तासाला ७२ मिलिसेकंद होतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी घ्या, पहिली जुळवा आणि शेवटची जुळेल एवढं क्लिप ताणा. एवढ्या ताणण्यानं आवाज बिघडत नाही.

टिक-टिक आणि चढलेला सूर

दोन डिजिटल उपकरणं ऑप्टिकल किंवा कोॲक्सियलनं जोडली की त्यांतलं एकच मास्टर असतं. आठ चॅनेलचा प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारा) एडॅटवरून (एका ऑप्टिकल वायरीतून आठ चॅनेल नेणारी जोडणी) साउंड कार्डाला जोडला आणि दोन्ही इंटर्नल क्लॉकवर राहिले, तर ऑडिओ येतो, पण ठरावीक अंतरानं टिक येते. वरचाच दहा लाखात २० चा फरक ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला जवळपास एका सॅम्पलचा होतो, आणि ते सॅम्पल टाकावं किंवा भरावं लागतं. सगळ्यात सोपी मांडणी अशी: प्रीॲम्प इंटर्नल, साउंड कार्डाचा क्लॉक सोर्स एडॅट. लॉकचा दिवा स्थिर हवा, लुकलुकता नाही. ९६ किलोहर्ट्झवर एका एडॅट वायरीतून आठऐवजी चारच चॅनेल येतात, त्यामुळं चार गायब झाले तर प्रीॲम्प बिघडला असं समजू नका.

वर्ड क्लॉकची, म्हणजे डिजिटल उपकरणांना सॅम्पलचा ताल देणाऱ्या सिग्नलची, बीएनसी वायर ७५ ओहमची लागते. सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारी आरजी-५९ चालते, फक्त वायरीवर ७५ ओहम छापलेलं बघून घ्या आणि स्क्रूचा बीएनसी न घेता क्रिंप केलेला घ्या. दिसायला तशीच असलेली आरजी-५८ ही ५० ओहमची असते, ती नको. साखळीतल्या शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचं टर्मिनेशन (टोकाला लावायचा रोध) हवं, मधल्यांवर नको. आणि दोन-चार इनपुटच्या स्टुडिओसाठी वेगळा वर्ड क्लॉक जनरेटर घेणं हा निव्वळ पैशाचा चुराडा आहे.

सगळं गाणंच चढलेलं वाटत असेल तर ४४.१ ची फाइल ४८ वर वाजतेय. वेग ८.८ टक्क्यांनी वाढतो आणि पांढरी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध कुठंतरी ऐकू येतं. हार्मोनियमवाल्यानं सूर लागत नाही म्हटलं की आधी साउंड कार्डाच्या पॅनेलवर सॅम्पल रेट बघा, मग हार्मोनियमकडं बघा. ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेलं रेफरन्सचं गाणं साउंड कार्डाचा रेट कधी कधी मुकाट्यानं बदलून जातं. रेकॉर्डिंगच्या वेळी ब्राउझर बंदच हवा.

पाऊस आणि वीज

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एमआयडीआयच्या पिना आणि जॅक काळे पडतात. नोटा मधूनच अडकायला लागल्या तर वायर चार-पाच वेळा काढून घाला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ऑप्टिकल वायरीचं टोक कोरड्या मऊ कापडानं पुसा. उद्यमनगरासारख्या भागात शेजारी वेल्डिंग चालू असेल तर विजेच्या एका झटक्यात यूएसबी तुटून परत जोडलं जातं, आणि सॉफ्टवेअर जुन्याच पोर्टाला क्लॉक पाठवत बसतं. ऑडिओ परत आला पण वाद्य गप्प, असं झालं की सॉफ्टवेअर बंद करून उघडा. लॅपटॉपला बॅटरी असली तरी साउंड कार्ड, हब आणि कीबोर्ड यूपीएसवर घ्या.

व्हिडिओला जोडताना

चित्र आणि आवाज एका गतीत ठेवायची कटकट या गावाला नवी नाही. १९२९ साली इथं सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट इथंच काढला. आता अडचण येते ती फ्रेम रेटची. टीव्हीसाठी २५, सिनेमासाठी २४. एमआयडीआय टाइमकोडवर (मात्रांऐवजी वेळ आणि फ्रेम कळवणारा सिग्नल) चालवत असाल तर दोन्हीकडं एकच आकडा ठेवा. २९.९७ आणि ३० ची गल्लत तासाला ३.६ सेकंद खाते. मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओत फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो आणि त्यामुळं ओठ हळूहळू सुटत जातात. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून तो कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या.

ज्या कीबोर्डला क्लॉकच नाही

घरात पडलेल्या जुन्या कीबोर्डला एक्स्टर्नल क्लॉक घेता येत नसेल तर उलटं करा, प्रोजेक्टच त्याच्या मागे न्या. कीबोर्डवर स्टाइल १२० ला लावा आणि टेम्पोला हात न लावता ६४ आवर्तनांहून थोडं जास्त रेकॉर्ड करा. पहिल्या समेपासून पासष्टाव्या समेपर्यंतचा वेळ वेव्हफॉर्मवर मोजा. चार मात्रांच्या ठेक्यात या २५६ मात्रा झाल्या. २५६ ला ६० नं गुणून मोजलेल्या सेकंदांनी भागा. वेळ १२८.०४ सेकंद आला तर खरा टेम्पो ११९.९६ निघतो. प्रोजेक्टला तोच टेम्पो द्या, पहिली सम ग्रिडवर ओढा आणि मग शेवटचं आवर्तन तपासा. तिथं अजून फरक दिसला तर टेम्पोचा तिसरा दशांश बदलून बघा. रेकॉर्डिंग संपेपर्यंत कीबोर्ड बंद करू नका आणि टेम्पोच्या बटणाला बोट लावू नका.